किती वॅटचा हाये जी?

आमगावच्या बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. धंदा बाबांनी सुरू केला, आता मी चालवते. गिऱ्हाईक नवीन असो की जुनं, हातात आठशे रुपयांचा ब्लूटूथ स्पीकर घेतलेला असो की तीस हजारांचा होम थिएटर रिसीव्हर, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, किती वॅटचा हाये जी?" दुसरा प्रश्न किमतीचा. तिसरा बहुतेक वेळा नसतोच.

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असं शहरातले ऑडिओवाले म्हणतात. मला तसं वाटत नाही. गोंदिया जिल्ह्यात या प्रश्नाला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं तो अगदी बरोबर प्रश्न होता. मंडईच्या मैदानात, धान कापलेल्या बांधीत, लग्नाच्या मांडवात तो तयार झाला. पुढे आवाज मैदानातून ओसरीत आणि ओसरीतून स्लॅबच्या हॉलमध्ये आला, पण प्रश्न मात्र मैदानातलाच राहिला. पहिल्यांदा रिसीव्हर घ्यायला आलेल्याला मी म्हणूनच आधी थोडं मागचं सांगते आणि मग डबा उघडते.

रुळांवरून आलेला आवाज

आपल्याकडे सगळ्या गोष्टींच्या आधी रेल्वे येते. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड लाइन पडली, पुढे ती बंगाल नागपूर रेल्वेत गेली आणि मुंबई-हावडा मार्गाचा भाग झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे आणि नागभीड-चांद्याकडे छोटी लाइन गेली आणि गोंदिया चारही दिशांचं जंक्शन झालं. तांदूळ आणि बिडी बाहेर जायची, बाहेरची नवलाई आत यायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर यायचे, कलकत्त्याच्या चांदणी बाजारातून सुटे भाग, आणि दिल्लीच्या लजपतराय मार्केटमधून पुढे तयार बोर्ड. माल मुंबईचा घ्यायचा की कलकत्त्याचा, हे इथल्या मेकॅनिकला भावावर ठरवता येत होतं. त्या वेळी जिल्हा भंडाऱ्याचा होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला.

नागपूर आकाशवाणी जुलै १९४८ मध्ये सुरू झाली आणि रायपूर १९६३ मध्ये. आमगाव-सालेकसा पट्ट्यात दोन्ही लागायचे, त्यामुळे एकाच घरात सकाळी मराठी आणि संध्याकाळी छत्तीसगडी ऐकू येणं यात कुणाला नवल वाटत नसे. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला होती आणि १९५७ पासून विविध भारती. रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स घ्यावं लागे, दरवर्षी पैसे भरून नवं करावं लागे. ही भानगड १९८० च्या दशकात संपली. बाबांच्या दुकानात रेडिओबरोबर लायसन्सची पुस्तिकाही लोक ठेवून जात, कारण हरवली तर पोस्टात उत्तर द्यावं लागे.

त्या व्हॉल्व्हच्या रेडिओला दोन तारा लागत. एक एरियलची, घराच्या कवेलूंवर दोन बांबूंमध्ये ताणलेली. दुसरी अर्थची, विहिरीजवळच्या किंवा न्हाणीच्या ओल्या मातीत पुरलेल्या धातूच्या तुकड्याला जोडलेली. पावसाळा लागला की बाबा गिऱ्हाइकांना बजावत: ढग गडगडले की खिडकीतला खटका खाली पाडा, म्हणजे एरियल थेट अर्थला जोडली जाईल. हा खटका लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

रेडिओचा आवाज चार-पाच वॅटचा. ओसरीत ठेवला की शेजारच्या चार घरच्या बाया बिड्या वळता वळता ऐकत. तेव्हा वॅट कुणी विचारत नसे. विचारत ते "किती बँडचा?" सिलोन लागतं की नाही हे बँडवर ठरायचं. म्हणजे घरातल्या यंत्राबद्दल आपल्या लोकांचा पहिला प्रश्न 'काय काय पकडतं?' असा होता. तो प्रश्न नंतर मैदानातल्या प्रश्नाने मागे सारला.

मंडई आणि पोंगा

दिवाळीचा पाडवा-भाऊबीज झाली की आपल्याकडे मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची, असं पंधरा-वीस दिवस चालतं. दिवसा बाजार, पाळणे, पाहुणे. रात्री दंडार, गंमत, नाहीतर नाटक. अर्जुनी मोरगाव, नवेगाव बांधकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा जोर. कंपन्यांचा मुख्य अड्डा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला. होळीपर्यंत हंगाम. रात्री नऊ-दहाला पडदा उघडायचा आणि पहाटे पडायचा. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा, नवरात्रात जसगीतं, एप्रिलमध्ये भीमजयंती आणि त्यातच लग्नसराई. पावसाळा सोडला तर मैदानात आवाज लागत नाही असा महिना सापडत नाही.

या मैदानांसाठी बिछायत केंद्रवाल्यांनी लाउडस्पीकर आणले. एक माईक, एक ॲम्प्लिफायर, दोन पोंगे. दिल्लीची अहुजा ही १९४० ची कंपनी; तिचं नाव इतकं रुळलं की 'अहुजा बांधला' म्हटलं की पोंगा बांधला असं समजायचं. वीज सगळ्या गावांत पोचलेली नव्हती, म्हणून सेट बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायचे. बॅटऱ्या सायकलच्या कॅरिअरवर बांधून आमगावला चार्जिंगला यायच्या. बाबांचं निम्मं उत्पन्न या मोसमाचं असे: युनिट उडालं, डायफ्रॅम फाटला, माईकची तार तुटली.

आता हिशेब पाहा, कारण सगळा मुद्दा यात आहे. पोंग्याला एक वॅट दिला तर एक मीटरवर साधारण १०५ डेसिबल आवाज निघतो. तीस वॅट दिले की त्यात पंधराएक डेसिबल वाढतात, म्हणजे १२०. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. असं दुप्पट-दुप्पट करत एक किलोमीटरवर गेलात तर हातात साठेक डेसिबल उरतात. समोरासमोर बसून बोलावं तेवढा आवाज झाला तो. त्यात हिवाळ्याच्या रात्री जमिनीजवळची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न उडता खाली वाकून दूर जातो. धान कापून बांध्या उघड्या पडलेल्या, मध्ये झाड नाही. पलीकडच्या गावातला म्हातारा खाटेवर पडल्या पडल्या नाटकाची नांदी ऐकायचा.

मंडई कमिटीचे लोक सेट ठरवायला येत तेव्हा म्हणत, "सप्पा गावात आवाज गेला पाह्यजे." चार गावांतून माणूस येणार की नाही हे आवाजावर ठरायचं, आणि नाटकाच्या तिकिटांची विक्रीही. पंधरा वॅटचा सेट आणि तीस वॅटचा सेट यांत भाड्याचा फरक होता आणि किती शिवारात ऐकू जाईल याचाही होता. पोंगे सगळे सारखेच, मग ॲम्प्लिफायरचे वॅट विचारणं हाच शहाणपणा होता. त्या काळात "किती वॅटचा?" विचारणारा माणूस आपल्या पैशाचा हिशेब नीट करत होता.

माठातला स्पीकर आणि चव्वेचाळीस-चाळीस

ट्रान्झिस्टर आला आणि आवाजाला जड बॅटरीचं ओझं राहिलं नाही. रेडिओ शेतात गेला, धुऱ्यावर ठेवला गेला. एरियल डब्याच्या आत बसली, अर्थच्या तारेची गरज संपली. खटके काढून टाकले गेले. अर्थिंग म्हणजे काय हे विसरायला एक पिढी पुरली.

१९८० नंतर कॅसेट आली. टी-सिरीजने स्वस्त कॅसेटचा पाऊस पाडला आणि 'डेक' ही घरातल्या लग्नाच्या सामानातली वस्तू झाली. तयार डेक महाग, म्हणून इथे जुळणीचा धंदा उभा राहिला. गोंदियात, तिरोड्यात, आमगावात प्रत्येक मेकॅनिकच्या टेबलावर एकच चिप दिसायची: सान्योची एलए ४४४०. आम्ही तिला नुसतं 'चव्वेचाळीस-चाळीस' म्हणायचो. मूळची गाडीतल्या स्टिरिओसाठी बनवलेली, बारा व्होल्टवर चालणारी, दोन्ही बाजूंना सहा-सहा वॅट देणारी, आणि दोन्ही बाजू जोडून ब्रिज केली तर एकोणीस. वीज गेली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायची. पत्र्याच्या डब्यात १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, पाठीमागे ॲल्युमिनियमची हीटसिंक, पुढे तीन खुंट्या आणि एक लाल दिवा. झाला ॲम्प्लिफायर.

स्पीकरला पेटी लागते. सागाची पेटी परवडत नव्हती, म्हणून कुंभाराकडून माठ आणायचा आणि त्याच्या तोंडावर आठ इंची स्पीकर बसवायचा. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण त्यात शास्त्र आहे. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा मागची हवा उलटी हलते; दोन्ही एकमेकींना भेटल्या तर खालचा ठेका नाहीसा होतो. माठ मागची हवा कोंडून ठेवतो. शिवाय त्याला सपाट भिंत नसते, त्यामुळे लाकडी खोक्यासारखा तो स्वतः थरथरत नाही. त्याच सहा वॅटमध्ये उघडा स्पीकर किरकिरायचा आणि माठातला ढोलकी नीट वाजवायचा. वॅट तेच, स्पीकर तोच, फक्त बसवण्यात फरक. हा धडा आपल्या लोकांनी हाताने शिकलेला होता, पण दुकानात आल्यावर बोलण्यात मात्र वॅटच राहिला.

मग त्या प्रश्नाचा बाजाराने फायदा घेतला. नव्वदच्या दशकात खोक्यांवर 'पीएमपीओ' छापून येऊ लागलं. दोन हजार वॅट, पाच हजार वॅट. हे मोजण्याची कोणतीही ठरलेली पद्धत नाही. क्षणभराचा, कागदावरचा, सगळ्या स्पीकरचा मिळून काढलेला आकडा. मी गिऱ्हाइकासमोर असा डबा उघडून ट्रान्सफॉर्मर दाखवत असे: बारा व्होल्ट, तीन अँपिअर. बारा त्रिक छत्तीस. भिंतीतून छत्तीस वॅट आत येत असतील तर दोन हजार बाहेर कुठून येतील? गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि तरीही पाच हजारवालाच घेऊन जायचं, कारण भाटव्याने चार हजारवाला घेतलेला असायचा.

मैदानात याच शर्यतीने डीजे आणि धुमाल बँडच्या स्पीकरांची भिंत उभी केली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरच्या लाउडस्पीकरला बंदी केली. मैदानातला वॅटचा प्रश्न कायद्यानेच अडवला. घरात मात्र त्याला अडवणारं कुणी नव्हतं.

टॉकीजचा आवाज हॉलमध्ये

सिनेमाला एकाहून जास्त बाजूंनी आवाज देण्याची खटपट जुनी आहे. १९७५ चा 'शोले' ७० मिलिमीटरवर अनेक ट्रॅकच्या स्टिरिओफोनिक आवाजात निघाला. तो तसा ऐकायला मोठ्या शहरातली टॉकीज लागे. १९९२ मध्ये 'बॅटमन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल आलं: पुढे तीन, मागे दोन, आणि नुसत्या धडधडाटासाठी एक वेगळी वाट. तिलाच पाच पॉइंट एक म्हणतात. १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी निघाली आणि हा सहा वाटांचा आवाज चकतीवर बसून घरात आला. २००२ मध्ये चित्र आणि आवाज एकाच तारेतून नेणारं एचडीएमआय आलं, २००९ मध्ये त्याच तारेतून टीव्हीचा आवाज उलटा परत आणण्याची सोय झाली, तिचं नाव एआरसी. डोक्यावरूनही आवाज देणारं डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये थिएटरात आणि २०१४ मध्ये घरात.

आमच्याकडे या सगळ्याचं एकच रूप पोचलं: पाच छोटे डबे, एक मोठा डबा, रिमोट, पेनड्राइव्हची खाच, निळा दिवा. लोक त्याला होम थिएटर म्हणतात आणि त्यात चूक काही नाही. पण त्यातल्या बहुतेकांना आवाजाच्या सहा वाटा वेगळ्या करता येत नाहीत. टीव्हीकडून दोन वाटांचा आवाज येतो, तोच पाचही डब्यांत वाटला जातो. मागच्या डब्यातून गोळी सुटत नाही. पुढचाच संवाद मागूनही ऐकू येतो.

हुशार पोरांनी यावर इलाज काढला. दिल्लीहून डॉल्बी-डीटीएसचा डिकोडर बोर्ड मागवायचा, '५२००-१९४३'च्या ट्रान्झिस्टरचे बोर्ड जोडायचे आणि पत्र्याच्या पेटीत पाच पॉइंट एक ॲम्प्लिफायर जुळवायचा. मीही असे खूप जोडून दिले. आवाज चांगला देतात, बिघडले तर इथेच दुरुस्त होतात. पण एचडीएमआयचं चित्र त्यांच्यातून नीट जाईलच असं नाही, आणि प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजून आवाज जुळवणं त्यांना जमत नाही. ते करणारं यंत्र म्हणजे रिसीव्हर. यामाहाचा आरएक्स-व्ही ३८५, डेनॉनचा एव्हीआर-एक्स २५०बीटी, सोनीचा एसटीआर-डीएच ५९० अशी पाच स्पीकरची साधी मॉडेलं गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावरून गेली. यांत ॲटमॉस नाही, आणि पहिल्या घरासाठी त्याची गरजही नाही.

खोलीचा हिशेब

आता मैदानातला हिशेब खोलीत करू. बारा बाय चौदाचा हॉल. साधा चांगला स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर ८६ डेसिबल देतो. तुम्ही तीन मीटरवर सोफ्यावर बसलात तर कानाशी पंचाहत्तर-ऐंशी. बातम्या, मालिका आपण पासष्ट-सत्तरवर ऐकतो, म्हणजे एक वॅटसुद्धा लागत नाही. सिनेमातल्या स्फोटाला त्यावर आणखी वीस डेसिबल हवेत, म्हणजे शंभर पट शक्ती. शंभर पट करूनही आपण वीस-तीस वॅटवरच थांबतो. पन्नास खरे वॅट असले की हॉल भरून वर उरतात. पन्नासचे शंभर केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतील एवढे.

'खरे' वॅट ओळखायचे कसे? माहितीपत्रकात दोन ओळी शोधा. 'दोन चॅनेल चालू असताना, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असा आकडा दिला असेल तो धरा. 'एक चॅनेल, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन' असा मोठा आकडा सोडून द्या. मग डबा उलटा करून मागच्या पट्टीवर तो वीज किती खातो ते वाचा. या पट्टीवर जाहिरात छापत नाहीत.

त्याच पट्टीजवळ ओहम लिहिलेला असतो. रिसीव्हर सहा ओहमपासून पुढे चालतो म्हणत असेल तर जुन्या जुळणीतले चार ओहमचे स्पीकर त्याला लावू नका. घरात पडलेले स्पीकर वापरायचे असतील तर आधी माझ्याकडे आणा, मीटर लावून सांगते. तारेची लाल-काळी बाजू पुसली असेल तर दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे टेकला ती लाल बाजू. एक स्पीकर जरी उलटा लागला तरी ठेका गायब होतो आणि माणूस म्हणतो, वॅट कमी पडले.

त्यानंतर जुना, बँडचा प्रश्न विचारायचा: काय काय पकडतं? टीव्हीला एआरसी आहे का? असेल तर एकाच तारेत काम होतं. नसेल तर ऑप्टिकलची चौकोनी खाच आहे का ते पाहा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वरून 'ऑटो' किंवा 'पासथ्रू'वर करा. बहुतेक घरांत एवढंच राहिलेलं असतं. मग सिनेमा लावा आणि रिसीव्हरच्या पट्टीवर 'डॉल्बी डी' उमटतं का बघा. उमटलं तर बहुतेक सहा वाटा आल्या. घरात फक्त फ्री डिश असेल तर तिच्यावर दोनच वाटांचा आवाज येतो. अशा घराला मी रिसीव्हर विकत नाही, दोन चांगले स्पीकर आणि साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर देते. ओटीटी आणि इंटरनेट असेल तरच पाच पॉइंट एकचे पैसे वसूल होतात.

जुना रिसीव्हर स्वस्तात मिळतो म्हणून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडून आणणारे बरेच. आवाज त्यांचा दमदार असतो, पण एचडीएमआय नसलेला किंवा फार जुना असला तर आजच्या टीव्हीशी त्याची गाठ पडत नाही. ऑप्टिकलवर चालवायची तयारी असेल तरच घ्या.

आता घराचं बघू. कवेलूच्या, मातीच्या भिंतींच्या घरात आवाज वरून निघून जायचा, घुमत नसे. आजच्या हॉलला वर स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल, चारही बाजूंनी पुट्टी. टाळी वाजवा आणि ऐका. टाळीमागून झिणझिण आली तर संवाद चिखलात जाणार. जाड पडदे, खाली सतरंजी, भिंतीशी कपड्याचं कपाट. पाच हजारांच्या वाढीव मॉडेलपेक्षा याने जास्त फरक पडतो. काही रिसीव्हरबरोबर मोजणीचा छोटा माईक येतो. तो सोफ्यावर, बसल्यावर कान असतो त्या उंचीवर ठेवा आणि मोजणी चालू असताना पंखा, कूलर बंद करा. आपला उन्हाळ्याचा कूलर चालू असताना संवाद ऐकू येत नाहीत ही तक्रार मे महिन्यात हमखास येते. त्यावर रिसीव्हरमध्ये इलाज नाही. मधल्या स्पीकरचा आवाज दोन-तीन खुणा वाढवा आणि कूलर खिडकीबाहेर सरकवा.

पैसे पन्नास हजार असतील तर निम्मे स्पीकरला ठेवा. पाचही एकदम घ्यायची गरज नाही. पुढचे दोन चांगले घ्या, दिवाळीला मधला, पुढच्या धानाला सबवूफर आणि मागचे दोन. रिसीव्हरला 'मागचे नाहीत' असं मेनूत सांगितलं की तो मागचा आवाज पुढे वाटून देतो. रिसीव्हर पाच वर्षांत जुना होतो, स्पीकर मात्र वीस वर्षं चालतात.

टेबलावर येणारे डबे

माझ्याकडे बिघडून येणाऱ्या रिसीव्हरमध्ये जास्त वॅट घेऊन जळालेले थोडेच असतात. एक जात उष्णतेने दमलेली: टीव्हीखालच्या बंद कप्प्यात कोंबलेले, वर सेटटॉप बॉक्स. डोक्यावर वीतभर मोकळी जागा ठेवा. दुसरी जात पालीची. मागच्या फटीतून पाल ऊब शोधत आत जाते आणि सप्लायच्या बोर्डावर शॉर्ट होते. फटींवर बारीक जाळी लावा, पण हवा अडवू नका. तिसरी आणि सर्वांत मोठी जात विजेची. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस जोराचा आणि वीजही तशीच. ती बहुतेक वेळा थेट घरावर पडत नाही; डिशच्या तारेतून, इंटरनेटच्या तारेतून शिरते, टीव्हीत जाते आणि एचडीएमआयमधून रिसीव्हरमध्ये. आवाजाचा भाग धडधाकट असतो आणि एचडीएमआयचा बोर्ड मेलेला असतो. तो बोर्ड आमगावात दुरुस्त होत नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे, बाबा तो वाचून दुपारपर्यंत रेडिओ परत द्यायचे. आता बोर्ड नागपूरला पाठवायचा आणि नव्या डब्याच्या निम्मी किंमत मोजायची.

म्हणून यादीतली पहिली वस्तू मी रिसीव्हर लिहीत नाही, अर्थिंग लिहिते. पुष्कळ घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकात मागे तारच नसते. वायरमनला बोलवा, टेस्ट लॅम्प फेजमधून अर्थला लावून पाहायला सांगा. दिवा लागला नाही किंवा मिणमिणला तर घराला नीट अर्थ नाही. अंगणात, जिथे ओल राहते तिथे, खड्डा करून पाइप, कोळसा, मीठ घालून नवी अर्थ काढा. सर्ज रोखणारा बोर्डही या अर्थशिवाय नुसता प्लास्टिकचा तुकडा आहे. आणि खिडकीतल्या त्या खटक्याचं काम आता हाताने करा: ढग गडगडले की डिशची आणि इंटरनेटची तार काढून ठेवा, प्लग भिंतीतून उपसा. हा सगळा खर्च रिसीव्हरच्या किमतीपुढे थोडाच आहे. खड्डा पावसाळ्याआधी झाला पाहिजे. रिसीव्हर मंडईनंतर, हातात धानाचे पैसे आले की घेतला तरी चालतो.